गाणाऱ्या-नाचणाऱ्या लेकरांचे शिक्षण
(शहापूर येथे विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



समितीने आम्हाला "बौद्ध समाज आणि कला" असा विषय दिला होता. विषय फार मोठा आहे आणि त्यावर अधिकाराने बोलणारे आमच्यापेक्षा जाणते लोक पुष्कळ आहेत. म्हणून समितीची परवानगी घेऊन आम्ही त्याचा एक लहानसा तुकडा तोडून घेतला. आपल्या वस्तीत दर दहा-पंधरा घरांमागे एखादे लेकरू असे निघते, की टीव्हीवर, मोबाईलवर एकदा ऐकलेले गाणे ते जसेच्या तसे म्हणते. एखादी पोरगी अशी असते, की नुसते ताट वाजले तरी तिचे पाय ठेका धरतात. अशा लेकराचे काय करायचे आणि केव्हा करायचे, एवढेच आज बोलायचे आहे.

सुरुवात आपल्याच गोष्टीने करतो. काही वर्षांपूर्वी भीमजयंतीच्या रात्री ह्याच पटांगणात एक मुलगा गायला. वय असेल अकरा. आवाज असा, की पानठेल्यावर उभी असलेली माणसे पान तोंडात तसेच ठेवून पुढे आली. एक गाणे झाले, लोकांनी दुसरे मागितले, मग तिसरे. कोणी दहाची नोट त्याच्या शर्टाला टाचली, कोणी वीसची. रात्री साडेबाराला ते लेकरू पाचवे गाणे म्हणत होते आणि त्याच्या डोळ्यांत झोप दिसत होती. "वन्स मोअर" ओरडणाऱ्यांत आम्हीही होतो. हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढे जे बोलू ते दुसऱ्या कोणावर ढकलले असे होणार नाही.

पुढे एका ऑर्केस्ट्रा पार्टीने त्याला नेले. सीझनमध्ये महिन्याला आठ-दहा कार्यक्रम होऊ लागले. घरी पैसा दिसू लागला. बापाची मजुरी, आई रोवणीच्या दिवसांत दुसऱ्याच्या बांधीत. त्यांना वाटले, पोरगं हाताशी आलं. त्यांना दोष कसा द्यायचा? आठवीत शाळा बुडू लागली, नववीत सुटली. तेराव्या-चौदाव्या वर्षी आवाज फुटला. तो सगळ्याच मुलांचा फुटतो, त्यात नवल नाही. पण पार्टीला तोच जुना बारीक, चढा आवाज पाहिजे होता. पोराने ओढूनताणून गायले. आवाज बसला आणि पुन्हा मोकळा झालाच नाही. पार्टीने दुसरा मुलगा शोधला. आज हा मुलगा एका साऊंडवाल्याकडे बॉक्स उचलण्याचे काम करतो. भेटला की हसून जयभीम घालतो. एकदा आम्ही म्हटले, एखादे गाणे म्हण ना. तर म्हणाला, "गळाच नाही रायला गुरुजी आता." त्याच्या घरच्यांना विचारूनच हे सांगत आहोत. नाव मात्र सांगणार नाही.

ह्या मुलाला लोक "लवकर तयार झाला" म्हणायचे. तो तयार कुठे झाला होता? तो लवकर कामाला लागला होता. लवकर शिकणे आणि लवकर कमावणे ह्या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याकडे त्यांची गल्लत होते, असे आमचे नम्र मत आहे. गाण्याचे आणि नाचाचे पक्के शिक्षण सात-आठ-दहा वर्षांच्या वयात सुरू व्हावे, आणि त्याची कमाई जितकी उशिरा सुरू होईल तितके बरे.

आपल्या विदर्भातलेच उदाहरण घ्या. वसंतराव देशपांडे १९२० साली अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरला जन्मले आणि नागपूरला वाढले. आईने त्यांना कष्टाने वाढवले. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्या संगीत विद्यालयात हा मुलगा शाळकरी वयातच स्वर शिकायला बसला. पुढे मोठमोठ्या उस्तादांकडे शिकले. पण पोट कशावर भरले? लष्करी हिशेब खात्यातल्या नोकरीवर. वीस वर्षांहून जास्त त्यांनी कारकुनी केली. पूर्ण वेळ गायक झाले ते चाळिशी उलटल्यावर, आणि 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आले १९६७ साली, तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. सुरुवात आठव्या-दहाव्या वर्षी आणि फळ सत्तेचाळिसाव्या. मधल्या काळात गळा शाबूत राहिला, कारण पाया लहानपणी पडला होता.

कुमार गंधर्वांची गोष्ट तर आपल्या त्या पोराच्या गोष्टीशी जुळते, शेवट सोडून. बेळगावजवळच्या सुळेभावीचे हे शिवपुत्र कोमकळी, जन्म १९२४ चा. सात-आठ वर्षांचे असताना मोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब तसेच गायचे आणि गावोगावी त्यांचे जलसे व्हायचे. लोक तोंडात बोट घालायचे. असेच चालले असते तर तेही चौदाव्या वर्षी संपले असते. पण अकरा-बारा वर्षांचे असताना वडिलांनी त्यांना मुंबईला प्रोफेसर बी. आर. देवधर यांच्या संगीत शाळेत नेऊन ठेवले. तिथे दुसऱ्याची नक्कल बंद झाली आणि स्वतःचे शिक्षण सुरू झाले. स्टेजवर गाजलेल्या पोराला पुन्हा विद्यार्थी करून बसवायला बापाचे काळीज मोठे लागते. येणारा पैसा थांबतो ना!

पूर्वी नाटक कंपन्या हे काम करायच्या. किर्लोस्कर कंपनीसारख्या ठिकाणी मुले लहान वयात दाखल व्हायची. जेवणखाण, राहणे कंपनीचे, आणि शिकवायला भास्करबुवा बखल्यांसारखे गवई. बालगंधर्व, दीनानाथ मंगेशकर त्याच वाटेने आले. १९३२ पासून मराठी बोलपट आले, कंपन्या मोडत गेल्या आणि ती शाळाही मोडली. आपल्या झाडीपट्टीत मात्र नाटक जिवंत आहे. दिवाळी-मंडईपासून पुढे उन्हाळा लागेपर्यंत वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत रात्र-रात्र नाटके करतात. २०२३ साली गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना झाडीपट्टीच्या रंगभूमीसाठी पद्मश्री मिळाली. पण इथेही पोरगं शिकतं ते विंगेत उभं राहून, पाहून-पाहून. दंडार असो, खडी गंमत असो, पायाला घुंगरू आधी बांधतात आणि शिकवणे मागाहून, झाले तर झाले.

आता एक नाजूक गोष्ट. आपल्याच लोकांना गाण्या-नाचाच्या शिक्षणाची भीती का वाटते? आमच्या ओळखीच्या एका आयुष्मतीची नात फार छान नाचते. आम्ही म्हटले, हिला भंडाऱ्याला नृत्याच्या वर्गाला पाठवा. आजी एकदम उसळली, "काहून गा गुरुजी, आमच्या पोट्टीले नाचवाचं हाय का तुमाले?" आम्ही गप्प बसलो. कारण आजी अडाणीपणाने बोलत नव्हती. तिच्या बोलण्यामागे शंभर वर्षांचा अनुभव होता.

आपल्या बापजाद्यांनी वाजवले ते हौसेने वाजवले नाही. बऱ्याच गावी लग्न दुसऱ्याचे, देव दुसऱ्याचा, आणि समोर डफडे वाजवायला आमचा माणूस. मोबदला म्हणजे उरलेसुरले. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर गावकीची कामे लोकांनी टाकली, त्यात अनेकांनी वाजवणेही टाकले. ते टाकले हे अत्यंत योग्य झाले. तमाशात आमच्या आयाबहिणी नाचल्या आणि त्यांच्या नाचावर दुसरेच मोठे झाले. शाहीर पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून चळवळीला मदत देऊ केली आणि बाबासाहेबांनी, आमच्या स्त्रियांना नाचवून मिळवलेला पैसा नको म्हणून ती नाकारली, अशी हकीकत अनेकांनी सांगितली आहे. ती सर्वांच्या मनात बसली आहे. आजीच्याही बसली होती.

पण तेच बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकायला बसले होते, हेही आपण लक्षात ठेवले पाहिजे. डोक्यावर सगळ्या देशाचा भार असताना ह्या माणसाला वाद्य शिकायचे होते! आंबेडकरी जलशाचे मोल ते जाणून होते. नाशिककडच्या भीमराव कर्डकांच्या जलशासारखे जलसे गावोगाव फिरले. त्यांनी तमाशाची चौकट घेतली आणि आतला माल बदलला. तेव्हा बाबासाहेबांनी नाकारली ती लाचारी. आपल्या लेकीने पैशासाठी कोणाच्या वाड्यावर नाचणे वेगळे, आणि तिने आठ-दहा वर्षे शास्त्र शिकून, परीक्षा देऊन, उद्या शाळेत नृत्यशिक्षिका म्हणून हजेरीपटावर सही करणे वेगळे. आजीला आम्ही पुढच्या वेळी हेच सांगितले. आजी म्हणाली, "पाहू." आमच्याकडे "पाहू" म्हणजे अर्धा होकार.

दुसरा आक्षेप शीलाचा. एका उपासकांनी आम्हाला विचारले, शीलात नृत्य-गीत-वादनाला मनाई आहे ना? आहे, पण कुठे? आपण रोज म्हणतो त्या पंचशीलात नाही. उपोसथाच्या दिवशी, पौर्णिमेला, वर्षावासात जे उपासक अष्टशील घेतात, त्यातले सातवे शील ते आहे. त्या दिवसापुरते मन आत वळवायचे म्हणून. भिक्खूंची गोष्ट वेगळी. गृहस्थाच्या लेकराने गाणे शिकू नये असे त्यातून निघत नाही, असे आम्हाला वाटते. भन्तेजी इथे बसले आहेत, चूक असेल तर त्यांनी सांगावे. दीघनिकायात सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख वीणा घेऊन भगवंतांसमोर गातो, आणि तुझ्या तारांचा सूर गळ्याशी आणि गळा तारांशी छान मिळतो, अशा अर्थाची दाद भगवान देतात. गंमत म्हणजे त्या गाण्यात बरेचसे त्याच्या प्रेमाचेच होते! औरंगाबादच्या बौद्ध लेण्यांत सात नंबरच्या लेण्यात, ऐन गाभाऱ्यात, नाचणारी स्त्री आणि तिच्या दोन्ही बाजूंना वाद्ये वाजवणाऱ्या स्त्रिया दगडात कोरल्या आहेत. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रात नर्तकी आहे. आपली सहल तिकडे गेली की लोक बुद्धमूर्तीजवळ फोटो काढतात आणि परततात. पुढच्या वेळी पोरींना ती शिल्पे दाखवा.

तिसरी अडचण खरी आहे आणि तिच्यावर कोणी उघड बोलत नाही. गाण्याच्या, नाचाच्या बहुतेक वर्गात सरस्वतीचा फोटो असतो, नटराजाची मूर्ती असते. पहिल्या दिवशी नारळ, फूल, पूजा. आपली बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे. लेकराने काय करायचे? एका घराने ह्याच कारणाने मुलीला चौथ्या दिवशी काढून घेतले. आमचा अनुभव असा, की आईवडिलांनी आधी जाऊन गुरूंशी साधेपणाने बोलावे: आम्ही बौद्ध आहोत, पूजेला बसणार नाही, तुम्हाला गुरू म्हणून नमस्कार करू. दहापैकी आठ शिक्षक "काही हरकत नाही" म्हणतात. उरलेल्या दोघांकडे जाऊ नये. बंदिशींचे शब्द पुष्कळदा कृष्णाचे, देवीचे असतात, हाही प्रश्न येतो. आमच्यातच त्यावर दोन मते आहेत. काही म्हणतात, ते शब्द म्हणजे स्वर बसवण्याची खुंटी, तेवढेच समजावे. काही म्हणतात, मोठे झाल्यावर आपल्या मुलांनी त्याच रागात आपल्या बंदिशी रचाव्यात. दुसरे मत आम्हाला जास्त आवडते, पण त्यासाठी आधी राग यायला पाहिजे.

केरळात केरळ कलामंडलम् नावाची संस्था १९३० साली महाकवी वळ्ळत्तोळ यांनी काढली. तिथे मुले बारा-तेरा वर्षांची असतानाच कथकली शिकायला येतात. पहाटे उठून डोळ्यांचा व्यायाम, तेल लावून अंग मऊ करणे, मग पायांचे काम. आणि त्याच आवारात शाळेचे वर्गही. आपल्या कामाची गोष्ट ही, की तिथे १९५७ च्या सुमारास हैदरअली नावाचा एक गरीब मुसलमान मुलगा कथकलीचे गाणे शिकायला दाखल झाला. कथकली म्हणजे सगळ्या रामायण-महाभारताच्या कथा, आणि बरेच खेळ देवळांच्या आवारात. अनेक देवळांत त्याला आत येऊ दिले जात नसे. तरी कलामंडलम् हैदरअली ह्या नावाने तो त्या कलेतला मोठा गायक झाला. दार बंद करणारे त्याची विद्या काढून घेऊ शकले नाहीत, कारण ती अकराव्या वर्षापासून गळ्यात मुरली होती. दक्षिण अमेरिकेतल्या व्हेनेझुएला देशात १९७५ साली होसे अन्तोनियो अब्रेऊ यांनी गरीब वस्त्यांतल्या पोरांसाठी वादनाचे वर्ग सुरू केले: शाळा सुटली की वाद्य फुकट, शिक्षक फुकट, रोज सराव. एका गॅरेजमध्ये दहा-अकरा मुलांवर सुरू झालेले हे काम देशभर पसरले आणि गुस्ताव्हो दुदामेल हा जगभर नावाजलेला संगीत संचालक त्याच वर्गांतून आला. गॅरेजमध्ये होऊ शकते, तर आपल्या विहारात निदान छत तरी पक्के आहे!

आमचे मोठे कलावंत मात्र अशा कोणत्याही शाळेशिवाय झाले. वामनदादा कर्डकांना तर अक्षरओळखही तरुणपणी, गिरणीत काम करताना झाली. आणि त्यांनी हजारो गाणी लिहिली. विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर, मंचावरच कोसळले आणि गेले. प्रल्हाद शिंदे, आपल्या नागपूरचे नागोराव पाटणकर, ही सगळी माणसे आपापल्या जिद्दीवर उभी राहिली. त्यांचे नाव घेऊन काही जण आम्हाला म्हणतात, त्यांना कोणी शिकवले होते? आमचे उत्तर असे, की एक वामनदादा दिसतो तेव्हा वाटेत गळा बसलेले किती होते ते दिसत नाही. आमच्या त्या बॉक्स उचलणाऱ्या पोरासारखे. विदर्भाचीच वैशाली माडे २००९ साली 'सारेगमप'च्या हिंदी स्पर्धेत पहिली आली तेव्हा आपण सगळ्यांनी फटाके फोडले. फटाके फोडणे सोपे असते.

आता करायचे काय, ते सांगतो. लेकरू सात-आठ वर्षांचे झाले की सुरुवात करावी. गाण्यात पहिले वर्षभर गाणेच नाही, नुसता 'सा' लावणे, मग सरळ अलंकार. दिवसाला वीस मिनिटे पुरेत, पण रोज. पट्टी त्याच्या गळ्याची पाहिजे. आनंद शिंदे ज्या पट्टीत गातात ती दहा वर्षांच्या पोराची पट्टी नव्हे. तानपुरा परवडत नाही तर मोबाईलवरचा तानपुरा चालतो. मुलगा बारा-तेराचा झाला, आवाज घोगरा, चिरका व्हायला लागला, की त्याचा अर्थ स्वरयंत्रातल्या तारा लांब होत आहेत. त्या वर्ष-दीड वर्षात वरचे स्वर बंद, हळू आवाजात खालच्या पट्टीत थोडेसेच गाणे. तो काळ वाया जात नाही. पेटी शिकवा, तबला शिकवा, स्वरलिपी लिहायला शिकवा. नाचणाऱ्या पोरींना सिमेंटच्या, टाइल्सच्या जमिनीवर तासन्‌तास पाय आपटायला लावू नका. टाचा आणि नडग्या दुखावतात. लाकडी फळ्यांचा एक चौकोन करून घ्या. घुंगरू आधी थोडे, तत्कार स्वच्छ झाल्यावर वाढवत न्यावे.

इथे कोणी अति करू नये म्हणून सोणाची गोष्ट आठवते. सोण कोळिविस श्रीमंताघरचा, भिक्खू झाला आणि चालून-चालून तळपायांतून रक्त येईपर्यंत साधना करू लागला. शेवटी कंटाळून घरी परतायचा विचार करू लागला. भगवंतांनी त्याला विचारले, तू घरी असताना वीणा वाजवायचास ना? तारा फार ताणल्या तर सूर यायचा का? फार सैल सोडल्या तर? लेकरांना शिकवणाऱ्या प्रत्येक आईबापाने अंगुत्तर निकायातली ही गोष्ट एकदा वाचावी. आमच्याकडे एक बाप पोराला पहाटे चारला उठवून तबल्यावर बसवायचा. पोराने सहा महिन्यांत तबल्याचे नाव टाकले.

परीक्षांचेही सांगतो. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. पुढे १९३१ साली त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. त्याच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा परीक्षा गायन, वादन, नृत्य तिन्हींत होतात. विशारद झालेल्याला शिकवण्याच्या कामात मान मिळतो. शास्त्रीय संगीत-नृत्याच्या परीक्षा दिलेल्या मुलांना दहावीत वाढीव गुण देण्याची योजनाही आपल्या राज्यात आहे. ती शाळेत विचारावी. दहा ते चौदा वर्षांच्या गुणी मुलांसाठी केंद्र सरकारच्या सांस्कृतिक संसाधन व प्रशिक्षण केंद्राची, म्हणजे सी.सी.आर.टी.ची, १९८२ पासूनची शिष्यवृत्ती आहे. रक्कम मोठी नाही, दीर्घकाळ ती वर्षाला ३६०० रुपये आणि वर शिक्षकाची फी अशी राहिली. पण ती मिळत राहिली तर मूल वीस वर्षांचे होईपर्यंत चालू शकते, आणि लोककलाही त्यात बसतात. वय चौदाच्या पुढे गेले की दार बंद. आमच्याकडच्या किती मुलांनी अर्ज केला? आमच्या माहितीत एकानेही नाही. नागपूरला १९८६ पासून दक्षिण-मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे, गुरु-शिष्य परंपरेच्या योजना तिथेही असतात. नागपूर काही विलायतेत नाही, एस.टी. आपल्या दारावरून जाते.

आणि कायदा. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली बदल झाला आणि २०१७ ला नियम आले. बालकलाकाराला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, सलग तीन तासांवर विश्रांती दिलीच पाहिजे, शाळा बुडता कामा नये, आणि त्याच्या कमाईतले निदान वीस टक्के त्याच्याच नावाने बँकेत मुदत ठेवीत टाकायचे. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद हा नियम तर २००० सालापासून आहे. आम्ही त्या रात्री साडेबाराला "वन्स मोअर" ओरडलो तेव्हा तो नियम होता.

म्हणून समितीपुढे आमची विनंती अशी आहे. आपल्या विहारात एक पेटी आहे, एक तबला-डग्गा आहे, ढोलकी आहे. वर्षातून चार-पाच दिवस ते कपाटाबाहेर निघतात: भीमजयंती, बुद्धपौर्णिमा, वर्षावासाचा समारोप, धम्मचक्र प्रवर्तन दिन. बाकी दिवस उंदरांसाठी. ते दर रविवारी सकाळी वंदनेनंतर निघावेत. भंडाऱ्याहून एक शिकलेले शिक्षक आणावेत आणि त्यांना मानधन द्यावे. फुकट शिकवणारा चार रविवार येतो, पाचव्या रविवारी त्याच्या घरी पाहुणे येतात. मंडपावर आणि डी.जे.वर एका रात्रीत जितका खर्च होतो, त्याच्या चौथ्या हिश्श्यात वर्षाचे मानधन निघेल. हिशेब आम्ही कोषाध्यक्षांना लिहून दिला आहे. जयंतीच्या मंचावर लेकरांनी जरूर गावे, नाचावे, पण दहाच्या आत. आणि जे बक्षीस पडेल ते टाचणीने शर्टाला लावण्याऐवजी त्याच्या नावच्या पोस्टाच्या खात्यात जावे. रोवणीच्या महिन्यात वर्ग बुडेल हे आम्हाला माहीत आहे. तेवढा बुडू द्या.

त्या बॉक्स उचलणाऱ्या मुलाला आम्ही विचारले आहे. त्याचा गळा गेला, पण कान शाबूत आहेत. पोरगं बेसूर झालं की त्याला लगेच कळते. पेटीवर लहान मुलांना 'सा' देत बसायला तो रविवारी येतो म्हणाला. त्यालाही थोडे मानधन द्यावे, असे आमचे म्हणणे आहे.

कार्यक्रम संपल्यावर बाहेर पाण्याच्या टाकीजवळ महिला मंडळाच्या भगिनी वही घेऊन बसतील. मुलाचे नाव, वय, इयत्ता आणि गाणे, तबला की नाच, एवढेच सांगायचे. ती आजी नातीला घेऊन आली आहे, मागच्या रांगेत दिसते आहे. पेटीचा भाता एका बाजूने फाटला आहे, तो भंडाऱ्याला दुरुस्तीला न्यायचा आहे. मंगळवारी कोणी मोटारसायकलने जाणार असेल तर कृपया आम्हाला सांगावे.